डूम : हाताआधी पाय

पडद्यावर दिसतोय तो ‘डूम’. इड सॉफ्टवेअरनं डिसेंबर १९९३मध्ये आणलेला गेम. जरा नीट बघा, यात खेळाडूला मान वर-खाली करताच येत नाही. शत्रू उंच कट्ट्यावर उभा असला, तरी बंदूक त्याच्या दिशेनं वळवली की पुरे. गोळी आपोआप वर जाते. नेम धरायचं अर्धं काम गेमनंच उरकलंय. मॅगझिन बदलण्याची भानगडही नाही. मग खेळाडूनं करायचं काय?

पळायचं. तेही सुसाट.

हा तपकिरी राक्षस म्हणजे इम्प. त्यानं फेकलेला आगीचा गोळा येताना दिसतो. बाजूला सरकलात की वाचलात. एकटा इम्प म्हणजे किरकोळ काम. पण त्याच वेळी पिंकी नावाची गुलाबी राक्षसीण चावायला धावत आली, आणि कोपऱ्यात शॉटगनवाला सैनिकही उभा असला, तर? त्याची गोळी दिसतही नाही, चुकवायची कशी? म्हणून आधी तो. पिंकीला जवळ आल्याशिवाय काही करता येत नाही, तिला थोडं फिरवत ठेवायचं. हा सगळा हिशेब धावता धावता करावा लागतो, आणि खरी चटक त्याचीच लागते.

त्यात एक खोडसाळपणाही आहे. इम्पचा गोळा चुकून पिंकीला लागला, की ती तुम्हाला सोडून इम्पवरच उलटते. मुरलेले खेळाडू मुद्दाम दोघांच्या मधे जाऊन उभे राहतात आणि भांडण लावून देतात. माझ्या मते या गेममध्ये याहून गमतीचं काही नाही.

कथा? ती असून नसल्यासारखी. पुढे जाऊ.

जखमा इथं आपोआप भरत नाहीत. २००१मध्ये ‘हेलो’ हा गेम आला, त्यात आपोआप भरणारी ढाल होती. आडोशाला जरा थांबलं की ती पुन्हा तयार. डूममध्ये दडून बसून काहीच मिळत नाही. औषधपेटी खोलीच्या पलीकडच्या टोकाला असते, राक्षसांच्या गराड्यात. जावंच लागतं.

नकाशेही असेच खुणावतात. पहिल्याच लेव्हलच्या सुरुवातीला खिडकीबाहेर अंगण दिसतं, तिथं निळं चिलखत पडलंय. दार मात्र कुठंच नाही! वाट आहे, पण गुप्त. ती सापडेपर्यंत खेळाडू भिंती चाचपत हिंडतो. पहिल्या भागातल्या बहुतेक लेव्हल डूमच्या रचनाकारांपैकी एक, जॉन रोमेरो याच्या. पुढे काय आहे ते आधी दाखवायचं आणि मग लांबून फिरवून न्यायचं, ही त्याची सवय.

१९९६मध्ये याच कंपनीचा ‘क्वेक’ आला आणि मान वर-खाली होऊ लागली. आता नेमाला भाव येणार, असं वाटावं. पण खेळाडूंनी केलं काय, तर रॉकेट लाँचर स्वतःच्याच पायाशी झाडला. इजा होते, पण उडी मारता मारता बसलेल्या त्या धक्क्यानं खेळाडू एरवी हाती न लागणाऱ्या कट्ट्यावर जाऊन पोचतो.