डोळ्यातले पाणी आणि त्याची अडलेली वाट

डोळ्यातून सतत पाणी येते म्हणून महिनोन्‌महिने निरनिराळे थेंब घालत राहिलेले रुग्ण आमच्याकडे नेहमी येतात. त्यांच्यापैकी अनेकांचा आजार थेंबांनी बरा होण्यातला नसतोच, हे मला आज सर्वांत आधी सांगायचे आहे. मुंबईत हिंदमाताला पाणी तुंबते तेव्हा दोष केवळ पावसाचा नसतो, निचऱ्याचाही असतो, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. डोळ्याच्या बाबतीत मात्र आपण निचऱ्याचा विचार करत नाही.

दोन्ही पापण्यांच्या नाकाकडच्या टोकाला एकेक बारीक छिद्र असते. अश्रू त्यातून आत ओढले जातात, सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या नलिकांतून अश्रुपिशवीत जातात आणि पिशवीखालच्या नळीतून, हाडाच्या बोगद्यातून उतरत, नाकात पोहोचतात. रडताना नाक वाहते ते याचमुळे. ही खालची नळी बंद झाली की पाणी गालावर ओघळते, पिशवीत साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात आणि कोपऱ्यात चिकट पू येऊ लागतो.

काही तान्ह्या बाळांत हा मार्ग नाकात उघडणाऱ्या टोकाशी एका पातळ पडद्याने बंद राहिलेला असतो. त्यांतल्या बहुतेकांत, दहापैकी साधारण नऊ जणांत, तो पहिल्या वर्षात आपोआप उघडतो. तोवर आईने हात धुऊन, नखे कापून, बोटाने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर किंचित दाब देत नाकाच्या कडेने खाली चोळावे. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी पाच-दहा दाब पुरेत. हे काम अंघोळ घालणाऱ्या बाईंवर सोपवू नये आणि काजळ किंवा दूध डोळ्यात घालू नये, असे मी घरातल्या आजींना आवर्जून सांगतो. वर्षानंतरही पाणी थांबले नाही तर भूल देऊन बारीक सळई घालून पडदा उघडतात. मात्र बाळाला उजेड सोसत नसेल, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसत असेल, तर तो काचबिंदू असू शकतो. तिथे मालीश करत थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मोठ्या माणसांचे गणित वेगळे. अडथळा प्रौढ वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. अर्थात पाणी येणारा प्रत्येक डोळा तुंबलेला नसतो. दिवसभर एसीत आणि पडद्यासमोर बसणाऱ्यांचे कोरडे पडलेले डोळेही पाणावतात, तसेच सैल पापणी किंवा आत वळलेले केस हेही कारण असू शकते. म्हणून सिरिंजिंग करतात. छिद्रातून मिठाचे पाणी हलकेच सोडले की मार्ग मोकळा असल्यास त्याची चव घशात लागते, आणि बंद असल्यास पाणी दुसऱ्या छिद्रातून परत येते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डॉक्टर ही तपासणी करतात तेव्हा पुष्कळांना ती निरर्थक वाटते. पण पिशवीतले जंतू शस्त्रक्रियेच्या जखमेतून डोळ्यात शिरले तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे आधी पिशवीचा बंदोबस्त आणि मगच मोतीबिंदू, या क्रमाबाबत मी तडजोड करत नाही. कोपरा लाल होऊन ठणकत सुजला असेल तर मात्र सिरिंजिंग करत नाहीत. प्रतिजैविके देऊन सूज उतरवावी लागते. पाण्यातून रक्त येत असेल किंवा कोपऱ्याच्या वरच्या बाजूला टणक गाठ लागत असेल, तर गाठीचा तपास प्रथम.

मोठ्यांच्या बंद नळीवरच्या शस्त्रक्रियेचे नाव डी.सी.आर., म्हणजे डॅक्रियोसिस्टोऱ्हायनोस्टॉमी. तिच्यात बंद नळी उघडत बसत नाहीत. पिशवी आणि नाक यांच्यामधल्या पातळ हाडात खिडकी करून दोन्हींची आतली अस्तरे जुळवतात, म्हणजे अश्रू नळीला वळसा घालून थेट नाकात उतरतात. इटलीतील आद्देओ तोती यांनी १९०४ मध्ये ती बाहेरच्या छेदातून मांडली. १९२१ मध्ये द्युप्वी-द्युताँ आणि बूर्गे या फ्रेंच शल्यविशारदांनी अस्तरांचे पदर टाके घालून जोडण्याची जोड दिली, आणि आजची बाहेरून होणारी शस्त्रक्रिया मूलतः तीच आहे. १९८९ पासून नाकातून दुर्बिणीने करण्याची पद्धत रुळू लागली. तिच्यात चेहऱ्यावर व्रण राहत नाही; बाहेरच्या पद्धतीतला सेंटिमीटरभराचा व्रणही बहुधा काही महिन्यांत फिकट होतो. अनुभवी हातात नव्वद टक्क्यांच्या आसपास रुग्णांना गुण येतो. ‘डोळ्याला सुरी लागेल’ ही भीती मला दर आठवड्याला ऐकू येते, म्हणून स्पष्ट सांगतो: नेत्रगोलाला हात लागत नाही, काम डोळा आणि नाक यांच्या मधल्या जागेत चालते.

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद न करता आधी सांगाव्यात, कारण नाकाच्या अस्तरातून रक्तस्राव होतो. नंतर आठवडाभर तरी नाक जोराने शिंकरू नये आणि फार गरम खाणे-पिणे टाळावे. काही रुग्णांत सिलिकॉनची बारीक नळी ठेवतात, ती काही आठवड्यांनी ओपीडीतच काढता येते. ती कोपऱ्यातून बाहेर डोकावली तर ओढू नये, आमच्याकडे यावे. खिडकी व्रणाच्या पेशींनी पुन्हा बुजली, तर दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करता येते आणि तीही बऱ्याच वेळा यशस्वी होते.