रिकाम्या गॅलरीतली हॉकी

नमस्कार श्रोतेहो.

बेळगावात हॉकीचा विषय निघाला की जुनी मंडळी अजून बंडू पाटलांचं नाव घेतात. 1964 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानला 1-0 हरवून ज्या संघानं सुवर्णपदक आणलं, त्यात आपला हा बेळगावचा गडी होता. त्यामुळे आमच्या पिढीला हॉकीचं वेड लागलं यात नवल नाही. पण आम्ही हॉकी बघितली कमी, ऐकली जास्त. 1975 चा क्वालालंपूरचा विश्वचषक आम्ही रेडिओवर समालोचक जसदेव सिंग यांच्या आवाजात जिंकला. अशोककुमारचा तो विजयी गोल मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, तरी विचाराल तेव्हा सांगेन.

पुढचं काय सांगायचं! 1980 च्या मॉस्कोनंतर ऑलिम्पिकचं पदक नाही. 2008 ला बीजिंगची पात्रताच हुकली, 2012 ला लंडनमध्ये शेवटचा नंबर. घरातली पोरं म्हणायची, "आजोबा, क्रिकेट लावा की."

मग कोरोना आला. खेळ थांबला आणि आपले खेळाडू बंगळूरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रातच अडकून पडले. ऑगस्ट 2020 मध्ये कर्णधार मनप्रीतसह सहा जण पॉझिटिव्ह निघाले. त्या दिवसांत हॉकीची बातमी म्हणजे हीच. फेब्रुवारी 2021 मध्ये संघ जर्मनीत जाऊन 6-1 नं जिंकला तेव्हा मी जरा सावरून बसलो. फार आशा धरली नाही. आम्हा हॉकीवाल्यांना ती सवय लागलेली आहे.

त्यात जुलैचा पाऊस. कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली, आणि तिकडे टोकियो ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियानं आपल्यावर सात गोल चढवले. कोल्हापूरचे आमचे मेहुणे फोनवर म्हणाले, "दाजी, टीव्ही बंद करा." एरवी ते सामन्याला इकडे आले असते. पण कर्नाटकच्या हद्दीवर कोगनोळीच्या नाक्यावर आरटीपीसीआरचा कागद दाखवल्याशिवाय सोडत नव्हते.

टोकियोच्या गॅलऱ्या रिकाम्या होत्या. वाईट वाटलं, खरंच. पण गर्दीचा कालवा नसल्यामुळे मला खेळ ऐकू आला! स्टिकवर चेंडू बसल्याचा टक्क आवाज. मागून श्रीजेशचं अखंड ओरडणं: कुणाला पुढं पाठव, कुणाला माघारी बोलव. गोलकीपर आख्खा संघ तोंडानं कसा चालवतो, हे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

5 ऑगस्टला सकाळी सात वाजता कांस्यपदकाचा सामना. समोर तीच जर्मनी. आपण 3-1 नं मागे, आणि बघता बघता 5-3 नं पुढे. मग 5-4. शेवटचे सहा-सात सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलची मोठी संधी, मिळाली. मी खुर्ची सोडून उभा. सौ. स्वयंपाकघरातून, "चहा गार झाला." श्रीजेशनं अडवला, आणि 41 वर्षांनी पदक आलं.

फोनवर मेहुणे आणि मी, दोघांनाही पहिल्यांदा धड बोलता येईना. थोड्या वेळानं वाद मात्र सुरू झाला. त्यांच्या मते सगळं श्रेय श्रीजेशचं. मी म्हणतो, प्रत्येक कॉर्नरला चेंडूच्या तोंडावर पहिला धावणारा अमित रोहिदास विसरू नका. त्या कामात गुडघा फुटतो आणि पेपरात नावही येत नाही. मेहुणे ऐकायला तयार नव्हते. नाका मोकळा झाला की येणारच होते इकडे, म्हटलं तेव्हा बघू.