सिस्टरांच्या शेवटच्या दिवसांत

नमस्कार श्रोतेहो. वसईपासून सावंतवाडीपर्यंत आपल्या किनारपट्टीवर सिस्टरांची, म्हणजे व्रतस्थ ख्रिस्ती जोगिणींची, कॉन्व्हेंट (मठ) आहेत. कुठे शाळा, कुठे दवाखाना, कुठे मुलींचं वसतिगृह. अशाच एखाद्या सिस्टर परळहून टाटा कॅन्सर रुग्णालयाची फाइल घेऊन परत येतात आणि पुढे उपचार नाहीत असं कळतं. त्यानंतर त्यांना सांभाळायचं कसं, ते आज बोलू.

आधी दुखण्याचं. ‘हे मी देवाला अर्पण करते’ म्हणत गोळी बाजूला सारणाऱ्या सिस्टर असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, पण चर्चने हे कुणाकडून मागितलेलं नाही, एवढं जरूर सांगा. बारावे पोप पायस यांनी 1957 सालीच सांगून ठेवलंय की असह्य वेदनेवर औषध घ्यायला हरकत नाही, त्याने आयुष्य थोडं घटलं तरीही. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर, संत तेरेजा, 1897 मध्ये क्षयाने गेल्या, अवघ्या 24 वर्षांच्या. आजारपणातही थट्टामस्करी करणाऱ्या या तेरेजांनीच बजावलं होतं की इतक्या वेदना असलेल्या माणसाच्या हाताशी विषारी औषध ठेवू नका. आनंदी माणसाला दुखत नाही, असं थोडंच आहे!

तीव्र वेदनेवरच्या मॉर्फीनची साधी (हळूहळू विरघळणारी नव्हे) गोळी दर चार तासांनी, घड्याळ बघून द्यायची. दुखू लागेपर्यंत थांबायचं नाही. मात्रा डॉक्टर ठरवतील. पहिले काही दिवस मळमळ, गुंगी येते आणि ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करून घ्या. ते राहिलं की पोट फुगतं, जेवण तुटतं, खापर मॉर्फीनवर फुटतं आणि गोळीच बंद होते. शिवाय मॉर्फीन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. पावसात रस्ता बंद व्हायच्या आधी पुढच्या गोळ्या आणून ठेवा.

पावसाळा आणखी एका बाबतीत नडतो. चादरी वाळत नाहीत, आणि दमट चादरीवर पाठ सोलवटते. इस्त्री फिरवूनच चादर घाला. दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांच्या मध्ये उशी ठेवा, पोटऱ्यांखाली कापडाची घडी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. लाइट गेली तर उशाशी हातपंखा हवा; चेहऱ्यावर वारा लागला की धाप कमी वाटते. तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चमचाभर मीठ, चमचाभर खायचा सोडा. त्यात बुडवून पिळलेल्या कापसाने ओठ, हिरड्या पुसायच्या.

पेजेची निवळ दोन चमचे गेली तरी पुरे. भरवण्याचा आग्रह नको, गिळता येईनासं झालं की ते छातीत जातं.

आता प्रार्थनेचं. तेलाचा संस्कार, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून करायची प्रार्थना, शुद्ध हरपेपर्यंत लांबवू नका. फादर कपाळाला आणि हातांना तेल लावतात तेव्हा सिस्टरांना ‘आमेन’ म्हणता यायला हवं. आजार बळावला तर तो पुन्हा देता येतो. कम्युनियनचा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाच्या भाकरीचा, कण पाण्याच्या घोटाबरोबर चालतो, तोही गिळवेना तर द्राक्षारसाचा थेंब. आजाऱ्याला कम्युनियनआधीच्या उपासाचं बंधन नाही. रात्रीच्या प्रार्थनेतलं, बायबलमधल्या म्हाताऱ्या शिमोनाचं गीत, ‘आता आपल्या दासाला शांतीने जाऊ दे’, या सिस्टर वर्षानुवर्षं रोज म्हणत आल्या आहेत. आता ते त्यांच्या खाटेशी म्हणा, सुरात म्हणा. व्रतांचा रौप्य किंवा सुवर्णमहोत्सव चार महिन्यांवर असेल तर या महिन्यातच करून टाका, केक कापा, नाताळची गाणी जूनमध्ये गायली तरी कोण अडवतंय? शिकवलेली पोरं भेटायला येतील, त्यांना येऊ द्या. दोघं-दोघं, दहा मिनिटं. माहेरच्या भावाबहिणींना पाहुण्यांत मोजू नका, त्यांना खाटेजवळ बसू द्या.

शेवटच्या एक-दोन दिवसांत घशात घरघर सुरू होते, पाय गार पडतात, श्वास मध्येच थांबतो. घरघरीचा त्रास बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला होतो, सिस्टरांना नाही. कुशीवर वळवा, बोलत राहा, त्यांना ऐकू येत असेल असंच धरून चाला. इथेच कुणीतरी घाबरून 108 ला फोन लावतं आणि उरलेले तास अॅम्ब्युलन्समध्ये खड्ड्यांतून जातात. डॉक्टर, फादर आणि माहेर, तिन्ही नंबर खोलीच्या दारामागे मोठ्या अक्षरांत चिकटवा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला सांगून ठेवा: पहिला फोन डॉक्टरांना.