थंडीतल्या कुंड्या: ऊन बघा, अंधारही बघा

नमस्कार श्रोतेहो,

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न तोंडावर आलंय, पुण्यात पहाटे पांघरूण ओढून घ्यावंसं वाटायला लागलंय आणि बरोब्बर याच दिवसांत नर्सरीवाल्यांच्या दारात पिटुनिया, डायंथस, पॅन्सी, सॅल्व्हियाच्या रोपांच्या रांगा लागतात. मग काय होतं, आपण गाडी थांबवतो, जे सगळ्यात जास्त फुललेलं दिसतंय ते उचलतो, घरी आणून गॅलरीत ठेवतो आणि पंधरा दिवसांत त्याच्या नुसत्या काटक्या उरतात. मग आपण म्हणतो, माझ्या हाताला गुणच नाही. अहो, हाताचा काही संबंध नाही, गॅलरीतलं ऊन बघायच्या आधी आपण झाड बघितलं, एवढीच चूक झाली.

थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो हे आपण दक्षिणायन म्हणून शाळेत शिकलो, पण कुंड्या ठेवताना कुणाच्या लक्षात राहतंय? 22 डिसेंबरच्या आसपास पुण्यात भर दुपारी 12 वाजतासुद्धा सूर्य डोक्यावर नसतो, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवरच असतो. त्यामुळे जूनमध्ये जिथे उन्हाचा कवडसाही येत नव्हता त्या दक्षिणेच्या गॅलरीत आता पार हॉलपर्यंत ऊन येतं, आणि मे महिन्यात सकाळी तापणारी उत्तरेची गॅलरी मार्च उजाडेपर्यंत सावलीतच राहते. एका सुट्टीच्या दिवशी एवढंच करा, सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता गॅलरीत ऊन कुठवर येतंय तिथे खडूने रेघ मारा. मग नर्सरीत जा.

पाच-सहा तास ऊन असेल तर तुम्ही नशीबवान, पिटुनिया, डायंथस, फ्लॉक्स, कॅलेंडुला, झेंडू, काहीही लावा. सकाळचं दोन-तीन तासांचंच कोवळं ऊन असेल तर पॅन्सी घ्या, तिला दुपारचा चटका नकोच असतो. आणि ऊन अजिबात येत नसेल पण उजेड भरपूर असेल तर इम्पेशन्स घ्या, म्हणजे आपल्या तेरड्याची बहीणच ती, किंवा सिनेरारिया. नाहीतर सरळ कोलियस लावा. रंग फुलाचाच हवा असं कुठे आहे, कोलियसच्या पानात लाल, पोपटी, जांभळा सगळं सापडतं. मुंबई-कोकणातल्या श्रोत्यांनी मात्र पॅन्सीच्या मागे लागू नका, तिकडच्या हवेत ती लवकर मान टाकते, तिकडे पिटुनिया, झिनिया आणि सदाफुली छान चालतात.

रोप घेताना फुलं मोजू नका, कळ्या बघा. फांद्या बुटक्या, खालपासून फुटलेल्या हव्यात. बऱ्याच रोपांच्या मुळाशी कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा गठ्ठा असतो, तो एकदा कडक वाळला की कुंडीत कितीही पाणी घाला, आत शिरतच नाही, वरवर माती ओली आणि रोप मात्र तहानलेलं. म्हणून लावायच्या आधी तो गठ्ठा पाण्यात बुडवून, हाताने हलकेच सैल करून मग लावा. 10 इंची कुंडीत पिटुनियाची तीन रोपं पुरेत, जास्त कोंबू नका.

आणि पिटुनियाचं सुकलेलं फूल काढताना नुसती पाकळी ओढून घ्यायची नाही हं. पाकळी सहज निघून येते, पण मागे हिरवी वाटी राहते, त्या वाटीत बी धरतं आणि बी धरायला लागलं की झाड फुलायचं कमी करतं. देठासकट खुडायचं. बोटं चिकट होतात, होऊ देत.

आता अंधाराचं सांगते, कारण याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं. शेवंती आणि पॉइन्सेटिया, म्हणजे ती लाल पानांची, ही दोन्ही झाडं रात्र किती मोठी झाली ते ओळखून रंगात येतात. पॉइन्सेटियाला रोज 12 तासांहून जास्त सलग अंधार लागतो, तोही दीड-दोन महिने. एका वर्षी मी आकाशकंदील नेमका पॉइन्सेटियाच्या कुंडीवर टांगला आणि छान दिसतोय म्हणून पार डिसेंबरपर्यंत रात्रभर लावून ठेवला. ज्या फांद्या खांबाआड सावलीत होत्या त्या लालबुंद झाल्या, कंदिलाकडच्या सगळ्या हिरव्याच्या हिरव्या. एकच झाड, एकच कुंडी, एकच खत! तेव्हापासून त्या कोपऱ्यातला दिवा मी संध्याकाळी लावतच नाही. तुमच्या कुंडीवर रस्त्यावरचा दिवा पडत असेल तर कुंडी आत सरकवा, नाहीतर रात्री वर खोका उपडा घाला, सकाळी न विसरता काढा. शेवंतीचा बहर संपला की तिला फेकू नका, चार बोटं ठेवून कापा, बुडाशी काश्या, म्हणजे नवे कोंब फुटतात, त्याच पावसाळ्यात वेगळ्या करून लावायच्या.

अंगण असेल तर मात्र माझं मत स्पष्ट आहे, आधी कोरांटी लावा. जांभळी, गुलाबी, पांढरी, पिवळी, ऑक्टोबरपासून थंडीभर फुलते, फांदी खोचली तरी जगते, फारसं पाणी मागत नाही. आपल्या आज्यांच्या परसात असायचीच ती, आता नर्सरीत विचारावं लागतं याचं खरंच वाईट वाटतं. पिवळीला काटे असतात, लहान मुलं असतील तर कडेला लावा. आणि भिंतीवर भरपूर ऊन असेल तर संक्रांतवेल, जानेवारीत पान दिसणार नाही इतकी केशरी होते. कुंडीत तिला कोंबू नका, मोठा ड्रम तरी द्या.

पुण्यातल्या मंडळींनी जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला नक्की जा, वही घेऊन जा, आवडलेल्या झाडाचं नाव लिहा आणि त्याच्यापुढे तुमच्या गॅलरीतल्या उन्हाचे तास लिहा. सप्टेंबरमध्ये बी पेरायला बसाल तेव्हा तीच वही उघडायची.

नमस्कार.