राजवाडा गेला, वचन राहिलं

अध्यक्ष, कार्यकारिणीची मंडळी आणि मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

"नाताळबद्दल बोला, पण गोठा आणि मेंढपाळ सगळ्यांना ठाऊक आहेत, त्याच्या मागचं काहीतरी सांगा," असं मला बजावण्यात आलंय. वेळही बेताचा. तेव्हा येशूच्या जन्मापर्यंत मी पोहोचेन की नाही, शंकाच आहे. फादर स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण गोव्यात १६१६ साली छापलं गेलं. त्यांनीही जन्मकथेआधी एक अख्खं पुराण जुन्या करारावर, म्हणजे बायबलच्या येशूआधीच्या भागावर, खर्ची घातलंय. राजा येईल असं वचन कोणाला मिळालं होतं आणि कोणत्या अडचणीत, हे कळल्याशिवाय त्याच्या जन्माचं अप्रूप ते काय?

तर इ.स.पू. ७३४ च्या सुमाराचं यरुशलेम. यहूदा या दक्षिणेकडच्या राज्याचा राजा आहाज परटाच्या शेताकडे जाणाऱ्या वाटेवर, वरच्या तळ्याच्या नळापाशी आलाय. वेढा पडला तर पाणी पुरेल का, हे बघत असावा. उत्तरेकडून दोन राजे उठलेत, दिमिष्काचा, म्हणजे दमास्कसचा, रसीन आणि इस्राएल या उत्तरेकडच्या राज्याचा पेकह. आहाजला गादीवरून खेचून तिथं आपला माणूस बसवायचा त्यांचा बेत आहे. रानातली झाडं वाऱ्यानं हलावीत तसं राजाचं आणि प्रजेचं काळीज थरथरत होतं, असं यशयाच्या पुस्तकात लिहिलंय.

तिथं यशया संदेष्टा, म्हणजे देवाचा निरोप सांगणारा, आपल्या मुलाला बरोबर घेऊन राजाला गाठतो. ते दोघे राजे म्हणजे धुमसणाऱ्या कोलितांची थोटकं आहेत, घाबरू नकोस, हवी ती खूण माग, असं सांगतो. आहाज साळसूदपणे म्हणतो, मी मागणार नाही, मी देवाची परीक्षा पाहणार नाही. हे वाचताना मला दरवेळी हसू येतं. कारण भक्तीचा एवढा उमाळा आलेल्या याच राजानं मंदिरातलं सोनं-रुपं काढून अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला मदतीसाठी नजराणा धाडला. त्या सम्राटाच्या लेखांत खंडणी देणाऱ्यांच्या यादीत आहाजचं नाव आजही वाचता येतं.

यशया मात्र खूण देऊनच थांबतो. एक मुलगा जन्मेल, त्याचं नाव इम्मानुएल. त्याला बरंवाईट कळू लागायच्या आत, तुला ज्यांची धास्ती आहे त्यांचे देश ओस पडतील. इ.स.पू. ७३२ मध्ये दिमिष्क पडलंही. म्हणून यहुदी परंपरा म्हणते की हे मूल त्या काळातलंच. कोणी आहाजच्या मुलाचं, हिज्कीयाचं नाव घेतं, कोणी यशयाच्याच मुलाचं. येशूचं चरित्र लिहिणारा मत्तय आठएकशे वर्षांनी तेच वचन मरीयेच्या बाळाला, येशूला लावतो. आम्हा ख्रिस्ती लोकांतले बरेच जण दोन्ही अर्थ धरून चालतात, मीही. पण मत्तयाकडे धावण्याच्या घाईत आहाजला विसरून जायचं, हे मला पटत नाही. ज्याच्या दारात फौज येऊन ठेपलीय, त्याला सातशे वर्षांनंतरचं भविष्य ऐकवून काय उपयोग?

या सगळ्याच्या मुळाशी आहाजच्या पूर्वजाला, दावीद राजाला, देवानं दिलेला शब्द आहे. त्याला देवासाठी मंदिर बांधायचं होतं. नाथान संदेष्ट्याकरवी उलटाच निरोप आला: तू कसलं माझं घर बांधतोस, मीच तुझं घराणं उभं करीन, तुझी गादी सर्वकाळ टिकेल. चारशे वर्षं टिकलीही. मग इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, नबुखद्नेस्सर राजाच्या फौजेनं यरुशलेम जाळलं. सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले.

त्याचा पुतण्या यहोयाखीन त्याआधीच कैद होऊन बाबेलला गेला होता. बाबेलच्या उत्खननात मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांवर शिध्याचा हिशेब आहे. कोणाला किती तेल दिलं, याच्या नोंदी. त्यात यहूदाचा राजा यहोयाखीन आहे आणि त्याचे पाच मुलगेही. सर्वकाळच्या गादीचा वारस, आणि परक्याच्या कोठारातल्या तेलाच्या मापावर जगतोय! स्तोत्र ८९ मधला कवी तर देवाला जाबच विचारतो: शपथ घेतली होतीस ना, मग मुकुट धुळीला का मिळवलास? भांडण कडाक्याचं, पण त्या लोकांनी वचन टाकून दिलं नाही. मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात नवल वाटतं ते याचंच.

मत्तयाच्या शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीनं होते. चर्चमध्ये ती वाचायची पाळी आली की भले भले अडखळतात. पण तिच्यात यखन्या म्हणून जो येतो, तो हाच तेलवाला यहोयाखीन. त्याच्या दोन पिढ्यांनंतर सगळी अनोळखी नावं, अबीहूद, याखीम, एलीहूद, आणि शेवटी योसेफ, एक सुतार. राजघराणं पार सामान्यांत मिसळून गेलेलं.

यशयाच्याच काळातल्या मीखा संदेष्ट्याला याचं आश्चर्य वाटलं नसतं. यशयाची थेट राजापर्यंत ऊठबस. मीखा मोरेशेथ नावाच्या खेड्यातला, गरिबांची शेतं बळकावणाऱ्यांवर तुटून पडणारा. येणारा राजा तो राजधानीत शोधत नाही. यहूदाच्या कुळांत ज्याची गणतीही नाही त्या बेथलेहेमाकडे बोट दाखवतो. दाविदाचं मूळ गाव ते.

पुढे हेरोदाच्या दरबारात मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, येऊन राजाचा पत्ता विचारतात. हा हेरोद रोमच्या सिनेटनं राजा केलेला, गादीपायी पोटच्या पोरांनाही ठार करणारा. तो याजकांना आणि शास्त्र्यांना बोलावतो, आणि ते मीखाचं वचन बिनचूक सांगतात. बेथलेहेम तिथून जेमतेम नऊ किलोमीटर. शास्त्र्यांपैकी कोणी उठून गेल्याचं मत्तय लिहीत नाही. गेले ते परदेशी.

यहुदी लोकांचा आक्षेप इथं सांगायलाच हवा. यशयानं ज्या येणाऱ्या राजाचं वर्णन केलं, त्याच्या काळात लांडगा कोकराजवळ राहणार होता, तो कुठे राहतोय? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की राजा आला, पण त्याचं राज्य पूर्णत्वाला जायचंय. त्यामुळे नाताळआधीच्या चार रविवारांच्या आगमनकाळात पहिल्या रविवारी बाळाचा विषयच निघत नाही. वाचन असतं ते येशूच्या परत येण्याचं, जागे राहण्याचं. चौथ्या रविवारी, पुष्कळ चर्चमध्ये चालणाऱ्या तीन वर्षांच्या वाचनक्रमात, एका वर्षी आहाज आणि त्याची खूण येते, एका वर्षी नाथानाचा निरोप, एका वर्षी मीखाचं बेथलेहेम. त्या दिवशी जवळपासच्या एखाद्या चर्चमध्ये डोकावलात, तर या तिघांपैकी कोणीतरी भेटेल.