नऊ दाण्यांची शेंग

नमस्कार मंडळी. थंडी बरी पडलीये ना यंदा? आणि थंडी पडली की आमच्याकडे पहिला येतो तो मटार. परवा नवरा मंडईतून पाच किलो घेऊन आला, स्वस्त मिळाला म्हणून, पिशवी ओट्यावर ठेवली आणि स्वतः गेला सेकंड शिफ्टला. आता पाच किलो शेंगा सोलायच्या कोणी? सोलून त्यातनं निम्मेसुद्धा दाणे निघत नाहीत, पण सोलाव्या तर सगळ्याच लागतात.

पेपर पसरला, ढीग ओतला, बसले. तेवढ्यात आमचे धाकटे चिरंजीव, वय वर्षं पाच, येऊन समोर मांडी घालून बसले. एक शेंग उचलली, उघडली नाही, नुसतं वरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "आई, सात." मी म्हटलं काय सात? म्हणे दाणे सात आहेत, लाव पैज. उघडली, सहा निघाले. मग मी सांगायचं, मग त्यानं, हरेल त्यानं आपल्या वाटीतला एक दाणा दुसऱ्याला द्यायचा, आणि तोंडात गेलेला दाणा हिशोबात धरायचा नाही हा नियम त्यानं मध्येच घुसवला कारण त्याचे बरेच दाणे तिकडेच चालले होते. दीड तास बसला हो तो, जो एरवी जेवताना पाच मिनिटं ताटावर टिकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, वा, छान गेम काढलात. मी काढलाच नव्हता! मी जर म्हटलं असतं ना की चल बाळा आपण मटार मटार खेळूया, तर त्याला लगेच वास आला असता की हिला काम करून घ्यायचंय. हे मी अनुभवानं सांगते, कारण गेल्या वर्षी मी हा उद्योग करून बसले होते. फ्रीजवर चार्ट लावला होता, रंगीत, स्टारवाला. खेळणी आवरली एक स्टार, ताट उचलून ठेवलं एक स्टार, दहा स्टार झाले की आइस्क्रीम. पहिला आठवडा काय विचारू नका, घर नुसतं चकाचक. तिसऱ्या आठवड्यात सासरे म्हणाले, बाळ, जरा पाणी आण रे, तर हा जागेवरून विचारतो, "किती स्टार?" सासरे काही बोलले नाहीत, उठून स्वतः पाणी घेतलं. त्याच रात्री मी तो चार्ट काढला.

नंतर वाचताना कळलं की यावर चक्क प्रयोग झालेत. जर्मनीत लाइपझिगला मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट नावाची संशोधन संस्था आहे, तिथे वार्नेकेन आणि टोमासेलो या दोघा मानसशास्त्रज्ञांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर काय केलं, तर दोरीवर कपडे वाळत घालायचे आणि चिमटा खाली पाडायचा, आणि मग हात लांब करायचा पण पोचत नाही असं करायचं. २००६ सालची गोष्ट. २४ मुलं होती, त्यातल्या २२ जणांनी अशा कुठल्या ना कुठल्या कामात एकदा तरी मदत केली, कोणी सांगितलं नव्हतं, खाऊ नाही, शाबासकीसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे माणसानं चिमटा मुद्दाम फेकला तर मुलं फारशी उठतच नव्हती. खरी अडचण कुठली आणि नाटक कुठलं हे दीड वर्षाच्या पोराला कळतंय बघा! मग २००८ मध्ये त्याच दोघांनी वीस महिन्यांच्या मुलांवर बघितलं. काहींना मदत केल्यावर दर वेळी खेळण्यातला ठोकळा दिला, काहींना काहीच दिलं नाही. पुढच्या फेरीत ठोकळेवाल्यांची मदत कमी झाली, बिनठोकळ्यांची तशीच चालू. आमचा चार्ट म्हणजे हाच प्रकार, फक्त ठोकळ्याच्या जागी आइस्क्रीम आणि वर माझे मार्करचे पैसे गेले ते वेगळेच.

बरं, आपण लहान होतो तेव्हा काय होतं ते आठवा. माझं आजोळ वाईचं. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण पांघरूण धुवायचं ही तिकडची पद्धत, आणि गोधड्या काय घरी धुतल्या जात नाहीत, त्या कृष्णेवर न्यायच्या. आजी, दोन माम्या, आम्ही सात-आठ पोरं, प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक गाठोडं, अशी वरात निघायची. ज्यांनी धुतल्यात त्यांना माहितीये, गोधडी कोरडी असते तोवर गरीब असते, पाणी प्यायली की म्हैस होते, दोन बायकांना उचलत नाही. मग ती घाटाच्या पायरीवर पसरायची, वर सोडा आणि पावडर टाकायची आणि पोरांना सोडायचं तिच्यावर. तुडवा! हात धरून गोल करून तुडवायचं, त्याची आपोआप फुगडी व्हायची, पाय सटकून कोणीतरी बदकन बसायचं, की त्याच्यावर दुसरा. काळं पाणी निघायचं बोटांच्या मधनं, ते बघायला काय मजा यायची ते सांगता येत नाही, कुणाच्या गोधडीतनं जास्त काळं निघतं यावर भांडणं व्हायची, खरंतर ती लाजायची गोष्ट पण आम्हाला अभिमान. मग पिळायची. दोन टोकांना दोन जणं उभी राहणार, उलट्या दिशेनं पीळ देणार, मधे ती अजगरासारखी फुगणार आणि ज्याच्या हातनं टोक सुटलं तो आऊट. संध्याकाळी पाय नुसते सुरकुतलेले, पांढरे, आणि पोटात आग. दहा गोधड्या धुतल्या असं आम्हाला कधी वाटलंच नाही, आम्ही नदीवर खेळायला गेलो होतो. आजीला मात्र बरोबर माहिती होतं की दहा धुतल्या. मोजून घ्यायची.

आजीनं आम्हाला कधी म्हणजे कधीच "चला खेळूया" म्हटलं नाही. तिला गोधड्या धुवून हव्या होत्या. आणि आम्ही कसं तुडवतोय, गोल का चौकोनी, यात ती एका शब्दानं पडायची नाही, लांब बसून माम्यांशी बोलायची. मला वाटतं सगळी चावी तिथेच आहे. काम खरं होतं, खेळ आमचा होता.

वाळवणाचंही तसंच. पापडाचं पीठ कुटून झालं की त्याच्या वळ्या करायच्या आणि दोऱ्यानं लाट्या कापायच्या, ते दोऱ्याचं काम आमच्याकडे, आणि तेलात बुडवून किती लाट्या पोटात गेल्या त्याचा हिशोब नाही. कुरडयांचा चीक वाटीत घेऊन गच्चीवर राखणीला बसायचं, हातात काठी, कावळा आला की हाकलायचा. कावळा नसला तर एकमेकांना हाकलायचं.

पण थांबा, मी आत्ता अगदी गोडगोड बोलतेय, तर एक सांगायलाच हवं. आमच्या त्या सात-आठ पोरांत नदीवर मामाची मुलंही असायची, पण घरी आल्यावर ती सुटायची बॉल घेऊन, आणि आम्ही मुली भाकरीचं पीठ काढायला. भातुकली मुलींची आणि दिवाळीचा किल्ला मुलांचा हे कोणी ठरवलं कोण जाणे. मंगळागौरीचे खेळ बघा कधी नीट. श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर बायका नाचतात, हातात काय असतं? सूप, लाटणं, घागर. दोडका किसायचा अभिनय करायचा, तोही खेळ. दिवसभर ज्या वस्तूंनी कंबर मोडली त्याच रात्री नाचवायच्या. मला लहानपणी ते फार भारी वाटायचं, अजूनही वाटतं, पण आता जरा पोटात कालवतं. सारडा कायदा आला १९२९ मध्ये, त्यानं मुलीच्या लग्नाचं वय चौदा केलं, त्याआधी आठ-दहा वर्षांच्या पोरी बोहल्यावर चढायच्या. त्या वयाच्या पोरीला सासरी खेळायला दुसरं होतं काय हो? सूपच होतं.

आणि काही मुलांना तर कामाचा खेळ करायचीही सवड नसते. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्या १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, बरोबर त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. तिथली आदिवासी मुलं शाळेत येईनात, कारण काय तर गुरं कोण राखणार, धाकटी भावंडं कोण सांभाळणार? तर या बायांनी मुलांना ओढून नाही आणलं. मुलं जिथे गुरं चारतात त्या कुरणातच शाळा नेली, तिला नावच पडलं कुरणशाळा. पाड्यावर भावंडं सांभाळणाऱ्या मुली येत नाहीत तर तिथल्या अंगणात शाळा भरवली, तीच अंगणवाडी. माँटेसरीचं महागडं साहित्य कुठनं आणणार, मग शंख, शिंपले, बिया, पानं, जे हाताशी असेल ते मोजायला. मुलाचं काम सुटलं नाही, पण कामाच्या शेजारी खेळ आणि शिक्षण येऊन बसलं. मला हे फार मोठं वाटतं, कारण आपल्याला घरातल्या घरात एका पोराच्या हातात लाटणं द्यायला जड जातं.

खरंच जातं की नाही सांगा! सकाळी पावणेआठची स्कूलबस, डबा व्हायचाय, आणि पोरगं येऊन म्हणतं मला एक उंडा दे. तो उंडा त्याच्या हातात फिरून फिरून काळपट होतो, दोनदा जमिनीवर पडतो, शेवटी त्याची जी पोळी होते तिला तो ऑस्ट्रेलिया म्हणतो. ती भाजायची, आणि बाबानी खायची. नाहीतर मग आपण म्हणतो, "दे इकडे, तुला नाही जमत." मी हे वाक्य किती वेळा म्हटलंय त्याची मोजदाद नाही, आणि धाकट्याला कमी, थोरलीला जास्त. ती चार वर्षांची असताना सारखी ओट्यापाशी स्टूल ओढून यायची, आणि माझी तेव्हा नवी नोकरी, मी तिला उचलून बाहेर ठेवायचे, हातात प्लॅस्टिकचा किचन सेट देऊन. चांगला आठशे रुपयांचा सेट होता, तो तसाच नवा राहिला. आता ती दहा वर्षांची आहे. आता मी हाका मारते आणि ती मोबाईलमधनं मानही वर करत नाही. राग कोणावर काढणार?

तरी अधूनमधून काहीतरी होतं. धुतलेल्या कपड्यांचा ढीग असतो ना, त्यात मोज्यांच्या जोड्या लावणं हे जगातलं सगळ्यात रटाळ काम. या धाकट्यानं त्याची लग्नं लावायला सुरुवात केली. पंचा म्हणजे अंतरपाट, एक मोजा इकडे, एक तिकडे, "सावधान" म्हटलं की पंचा काढायचा आणि दोघांची गुंडाळी करून ड्रॉवरमध्ये. ज्याचा जोडीदार सापडत नाही त्याचा नवरदेव पळाला. असे आमच्याकडे सध्या चार पळालेत. पहिल्या दिवशी थोरली दारात उभी राहून बघत होती, दुसऱ्या दिवशी म्हणाली, "अरे शहाण्या, आधी मुंडावळ्या तरी बांध," आणि दोन रबरबँड घेऊन आली. मी तिकडे बघितलंसुद्धा नाही, भांडी घासत राहिले. बघितलं असतं तर उठून गेली असती.

तर मटाराचं सांगत होते. सगळ्या शेंगा संपल्या आणि शेवटी एक राहिली, चांगली लांबलचक. धाकट्यानं बोट फिरवलं, म्हणाला नऊ. थोरली सोफ्यावर होती, तिनं हात पुढे केला, "बघू," आणि लाइटसमोर धरून बघितली. म्हणाली दहा, टोकाला एक बारीक आहे. तो म्हणे बारीक धरायचा नाही. ती म्हणे दाणा तो दाणा. अर्धा तास हे चाललं. शेवटी ठरलं की बाबा येईपर्यंत उघडायची नाही, तो सांगेल बारीक धरायचा का नाही. बाबा आला रात्री बारा वाजता, दोघं झोपलेली. काल रविवारी रवाळ शिरा करायच्या नादात राहिलं, असं करत करत ती शेंग अजून फ्रीजच्या दारात अंड्यांच्या शेजारी पडून आहे, जरा सुकलीये आता, आणि सासूबाईंनी उसळीत टाकायला उचलली तर दोघंही एकदम ओरडली.