राजम्याचं पाणी ओतू नका: हैतीचा 'दिरी कोले'

नमस्कार श्रोतेहो. कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात राजमा आणि तांदूळ एकाच पातेल्यात शिजवून जो भात करतात, त्याला 'दिरी कोले' म्हणतात. आज तो करायचा आहे. कागद-पेन्सिल जवळ घ्या, कारण मापं महत्त्वाची आहेत.

लाल राजमा एक कप, म्हणजे साधारण २०० ग्रॅम. लांब दाण्याचा जुना तांदूळ दोन कप. तेल चार मोठे चमचे. राजमा रात्रभर भिजवा आणि ते भिजवलेलं पाणी टाकून द्या. त्यानंतरचं पाणी मात्र थेंबभरही वाया घालवायचं नाही. भाताचा तांबूस-तपकिरी रंग आणि निम्मी चव त्यातच असते. भात फिका झाला, तर बहुतेक वेळा राजमा गाळून ते पाणी मोरीत गेलेलं असतं.

आठ कप ताज्या पाण्यात राजमा चढवा आणि पहिली दहा मिनिटं खळखळून उकळू द्या. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते मंद आचेवर नष्ट होत नाही. अर्धवट शिजलेल्या राजम्याने उलट्या-जुलाब होतात. मग आच कमी करून तासभर शिजवा. दाणा बोटांनी सहज दाबला जावा, पण साल फुटू नये, कारण त्याला पुढे भातासोबत आणखी शिजायचं आहे. कुकर वापरलात तर एखादी शिट्टी कमीच घ्या. टोमॅटो, लिंबू असलं आंबट काही आताच घालू नका, साल कडक राहते. दोन तास होऊनही दाणा मऊ होत नसेल, तर राजमा जुना आहे. तो बदलण्यापलीकडे इलाज नाही.

राजमा शिजतोय तोवर वाटण करू. हैतीत त्याला 'एपीस' म्हणतात आणि तिथल्या घरांत ते बरणीत तयारच असतं. कांद्याच्या चार पाती, लसणीच्या सहा पाकळ्या, अर्धी ढोबळी मिरची, मूठभर पार्सली, थाइमची पानं आणि चार लवंगा. खलबत्त्यात कुटलंत तर उत्तम. मिक्सरमध्ये पाणी घालू नका, नाहीतर वाटण परतलं न जाता नुसतं शिजतं. थाइम मिळाली नाही तर दोन चिमूट ओवा चालेल, दोघांच्या वासामागे थायमॉल हा एकच घटक आहे. पण हात सैल सोडू नका, ओवा सगळ्यावर चढतो. लवंग मात्र वगळू नका.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून तीन चमचे वाटण कच्चा वास जाईपर्यंत परता. मग राजमा निथळून घाला, पाणी बाजूला ठेवा. तेलात पाचेक मिनिटं परतल्यावर दाण्यांच्या साली किंचित सुरकुततात आणि कडा खमंग होतात. ही पायरी घाईत सुटते आणि मग भाताची चव उकडलेल्या राजम्याचीच लागते.

आता राजम्याचं पाणी मोजा. ते चार कप भरेल इतकं साधं पाणी त्यात मिसळा. बासमती असेल तर तीन कपच पुरे. काही घरी यातल्या एका कपाऐवजी नारळाचं दूध घालतात. चव गोडसर येते, पण बुडाला लवकर लागतं. मीठ दोन छोटे चमचे. उकळी आल्यावर पाणी चाखा, ते थोडं खारट लागायला हवं. तांदूळ मीठ ओढून घेतो.

तांदूळ धुऊन आत सोडा, एकदा ढवळा आणि डाव बाजूला ठेवा. वरून एक अख्खी तिखट मिरची देठासकट ठेवायची. हैतीत ती 'पिमां बूक' असते, भलतीच जहाल. आपल्याकडची अख्खी हिरवी मिरची चालेल. मिरची फुटता कामा नये, फक्त वास उतरला पाहिजे.

पाणी तांदळाच्या पातळीला येऊन वर भोकं दिसू लागली, की आच अगदी मंद. फॉइल आणि वर घट्ट झाकण. वीस मिनिटं झाकण उघडायचं नाही. वाफ गेली की वरच्या शितांत कणी राहते, आणि मग पाणी शिंपडलं की खालचा भात गिचका होतो. आधी मिरची हळूच काढा, मग काट्याने भात मोकळा करा. बुडाशी लागलेली कुरकुरीत खरवड म्हणजे 'ग्रातें'. तिच्यावरून घरात भांडणं होतात.

तांदळाबद्दल एक सांगायला हवं. हैतीच्या आर्तिबोनित खोऱ्यात चांगला तांदूळ पिकतो, पण १९९५ साली आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणलं गेलं आणि स्वस्त अमेरिकी तांदळापुढे तिथला शेतकरी मागे पडला. त्या काळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेल्या बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर या धोरणाची चूक कबूल केली. शेतकऱ्याचं पीक त्याने परत आलं नाही.

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळत असेल तर जरूर वापरा, तोही राजम्याच्याच कुळातला. पाणी थोडं फिकं सुटेल, इतकंच.

या भातासोबत 'पिकलीझ' हवंच: बारीक चिरलेला कोबी, गाजर, कांदा आणि तिखट मिरची, मीठ लावून व्हिनेगरमध्ये बुडवलेलं. ते मुरायला दोन-तीन दिवस लागतात, तेव्हा रविवारी भात करायचा असेल तर कोबी गुरुवारीच चिरायला घ्या.